बादशहाचा धाकटा भाऊ

चीनच्या बादशहाशी माझा काय संबंध? पण नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून तीन सकाळी त्यांना डायलिसिसला न्यावं लागू लागलं, आणि तिथे मशीनला जोडलेले चार-चार तास पडून पडून यांनी तो बादशहा उकरून काढला. मी शेजारी स्टुलावर बसून ऐकायची. ऐकायची म्हणजे काय, कानांना झाकणं नसतात म्हणून.

आमचं सेंटर वसईत स्टेशनच्या बाजूला, मोबाईलच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. सहा खाटा, सहा मशिनं आणि भिंतीवर एक टीव्ही, ज्याचा आवाज कोणीतरी कधीतरी बंद केला तो केलाच. आमची पाळी सकाळी सातची. यांच्या डावीकडच्या खाटेवर नंदाखाल गावच्या एक ख्रिस्ती मावशी असायच्या, उजवीकडे एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हर काका. मशीन सुरू झालं की मावशी जपमाळ काढायच्या, आणि ती संपली की म्हणायच्या, "हां, आता बोला भाऊ." भाऊ म्हणजे आमचे हे.

हे मूळचे वसईजवळच्या सांडोर गावचे. घरची केळीची वाडी, चार वाफे भाजीचे. पण यांना मातीपेक्षा पुस्तकाचा नाद. वाडी धाकट्या भावानं सांभाळली आणि हे मुंबईला सरकारी कचेरीत टेबलाला चिकटले ते रिटायर होईपर्यंत. आम्ही वसई रोडला फ्लॅटमध्ये, भाऊजी सांडोरला आईपाशी. मी गिरगावातली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई "पानी आन" म्हणाल्या की मला हसू यायचं, आणि मी हसले की त्यांना राग यायचा. पुढे माझ्याही तोंडात पानी बसलं, पण तोवर त्यांनी माझ्यावर रागावणं सोडून दिलं होतं.

एखाद्याला तंबाखूचं असतं तसं यांना इतिहासाचं होतं. कुठलाही चालायचा. तुर्कांचा, रशियाचा, ज्या देशात आपलं कुत्रंसुद्धा जाणार नाही त्या देशाचा. लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणायची आणि मी कुकर लावताना मागे उभं राहून सांगत बसायचं. मी म्हणायची, "अहो, तो मेला ना चारशे वर्षांपूर्वी? मग डाळीला फोडणी घालू दे मला."

बादशहा निघाला तो एका डागावरून. पहिल्याच महिन्यात सुया टोचताना तिथल्या टेक्निशियन मुलीनं विचारलं, "काका, हे काय आहे?" यांच्या डाव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, पावलीएवढा जुना गोल व्रण होता. डायलिसिससाठी त्याच हाताची शीर ऑपरेशन करून फुगवलेली, त्यामुळे तो व्रणही ताणून मोठा दिसायला लागला होता.

हे खुलले. "काविळीचा डाग," म्हणाले. "पण कावीळ मला नव्हती झाली."

पूर्वी आमच्या भागात काविळीला डाग द्यायचे. जळतं हळकुंड हातावर टेकवायचं, झालं औषध. हे नऊ वर्षांचे, भाऊजी पाच वर्षांचे. भाऊजींना कावीळ झाली, तशी सासूबाई दोघांना घेऊन होळी गावातल्या एका म्हातारीकडे गेल्या. हळकुंड पेटलेलं बघून धाकट्यानं असं भोकाड पसरलं की तो कोणाच्या हाती लागेना. तेव्हा यांनी आपला हात पुढे केला. "आधी मला द्या. त्याला बघू दे, काही होत नाही." म्हातारीही बिलंदर, तिनं खरंच दिला. यांनी हूं की चूं केलं नाही. ते पाहून धाकट्यानं मुकाट्यानं हात दिला. घरी आल्यावर सासूबाईंनी यांना झोडपलं, धडधाकट पोरानं अंग भाजून घेतलं म्हणून. हे सगळं मी लग्नानंतर निदान पन्नास वेळा ऐकलेलं. पण त्या दिवशी पुढचं वाक्य नवीन होतं.

"चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी एक बादशहा होऊन गेला. त्यानं पण असंच केलं होतं."

ड्रायव्हर काकांनी मान वळवली. "बादशहानं? काविळीसाठी?"

"काविळीसाठी नाही. त्याचा धाकटा भाऊ आजारी पडला. त्यांच्याकडे कसला तरी पाला वाळवून, त्याची गोळी करून अंगावर ठेवतात आणि पेटवतात. भावाला ते सोसेना, तो विव्हळायला लागला. तर बादशहानं ती गोळी उचलली आणि स्वतःच्या अंगावर लावून घेतली. म्हणजे दुखणं अर्धं-अर्धं."

मावशींनी छातीवर क्रूस केला. "देवमाणूस," म्हणाल्या.

तेव्हापासून तो बादशहा आमच्याकडे आला तो आलाच. त्याचं नाव उच्चारायला गेले की यांचं तोंड वाकडं व्हायचं आणि काका हसायचे, म्हणून सगळे त्याला नुसता बादशहा म्हणायचे. हा मूळचा सेनापती. गादीवर होतं सात वर्षांचं एक पोर. लढाईला म्हणून निघालेलं सैन्य वाटेत मुक्कामाला थांबलं, हा दारू पिऊन झोपला, आणि पहाटे त्याच्याच माणसांनी तंबूत घुसून त्याच्या अंगावर पिवळा झगा टाकला. पिवळा म्हणजे राजाचा. झोपेतून उठतोय तो बादशहा. काका म्हणाले, "आमच्या डेपोत असं कोणी केलं नाही हो." मग यांनी सांगितलं, पुढे त्या सेनापतींचीच बादशहाला धास्ती वाटायला लागली. म्हणून त्यानं त्यांना जेवायला बोलावलं, पेले भरले आणि म्हणाला, "मला झोप लागत नाही. उद्या तुमच्याही अंगावर कोणी झगा टाकला तर?" दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी दुखण्याचं निमित्त सांगून राजीनामे दिले. एकाचंही मुंडकं उडालं नाही. सोळा-सतरा वर्षं राज्य केलं, बरं केलं, उगाच रक्त सांडलं नाही.

पण यांचा जीव त्या झग्यात नव्हता आणि जेवणातही नव्हता. कोणी नवा पेशंट आला की हे फिरून भावाच्या दुखण्यावर यायचे. मला कारण माहीत होतं. आजाराचं कळलं त्या दिवशी, दवाखान्याच्या जिन्यातच भाऊजी म्हणाले होते, "दादाला किडनी मी देणार. विषय संपला." कोणी मागितली नव्हती. रक्तगट एक निघाला. माझा जुळत नव्हता, वर मला साखर. मुलगी आमची एकुलती एक, तेव्हा सत्तावीस वर्षांची. ती पहिल्या दिवसापासून "माझी घ्या" म्हणत होती, पण यांनी तिला उडवून लावलं. "तुझं लग्न व्हायचंय. आणि काका आहे ना." डॉक्टर म्हणाले, तरीही मेलेल्या माणसांच्या दान होतात त्या किडन्यांच्या यादीत नाव घालून ठेवा. हे म्हणाले, "घरची असताना दुसऱ्याच्या मरणाची वाट कशाला बघायची?" मलाही ते पटलं. पटलं मेलं, तिथेच सगळं चुकलं.

भाऊजींच्या तपासण्या सुरू झाल्या. निम्म्या झाल्या, आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं. ऐंशीच्या पुढचं वय, त्यात नवल नव्हतं. शेवटचे पंधरा दिवस भाऊजीच उशाशी बसून होते. हे डायलिसिसच्या अध्येमध्ये रिक्षानं जाऊन अर्धा तास बसून यायचे, आणि त्या अर्ध्या तासानं दोन दिवस आडवे व्हायचे. एका दुपारी सासूबाई गेल्या. आमच्यात बापाला थोरला अग्नी देतो आणि आईला धाकटा. भाऊजींनी दिला.

तेरावं झाल्यावर मी हळूच विषय काढला, राहिलेल्या तपासण्यांचा. तर भावकीतले दोन म्हातारे तिथेच बसलेले. एक म्हणाला, आईला अग्नी दिलेल्या माणसानं वर्ष व्हायच्या आत अंगाला शस्त्र लावून घेऊ नये. दुसरा म्हणाला, वर्षभर घरात शुभ काही करत नाहीत, हे तर पोट फाडायचं काम. भाऊजी खाली बघत होते. हे म्हणाले, "वर्ष काय, आत्ता जाईल. मी मशीनवर आहेच की." आणि मी, गिरगावात वाढलेली, मॅट्रिकला संस्कृतात पहिली आलेली, असं कुठे लिहिलंय म्हणून विचारायचं सोडून गप्प राहिले. घरातली म्हातारी नुकतीच गेलेली, आणि तिच्या सुनेनं लगेच किडनीचा तगादा लावायचा, लोक काय म्हणतील? लोकांनी काही म्हटलं नाही. लोक जेवून घरी गेले.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "थांबू नका," म्हणाले, अगदी स्पष्ट म्हणाले. घरी येऊन आम्ही दोघांनी ठरवलं की डॉक्टरांना आपल्या रीती काय कळणार.

ते वर्ष आत्ता गेलं नाही. दिवसाला मोजून एक लिटर पाणी, त्यात चहा, आमटी, औषधाचा घोट सगळं आलं. उन्हाळ्यात हे बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे आणि तो विरघळला की माझ्याकडे बघायचे. वजन उतरलं, पायांवर सूज आली, खाज सुटायची. मी दिवस मोजत होते. कॅलेंडरवर खुणा करत नव्हते, पण मनात आकडा असायचा. अजून सात महिने, अजून पाच.

सेंटरमध्ये मावशी विचारायच्या, "भाऊ, त्या बादशहाचं पुढे काय झालं?" हे म्हणायचे, "सांगतो." सांगायचे नाहीत. फिरून झगा, फिरून जेवण, फिरून भावाचं दुखणं. पाव्हण्यानं त्याच त्या गप्पा माराव्यात तसं चाललेलं. एकदा मीच वैतागून लेकीला म्हटलं, बघ गं मोबाईलवर, त्या माणसाचा शेवट काय झाला एकदाचा. तिनं शोधून काढलं आणि मला वाचून दाखवलं.

बर्फ पडत होतं, रात्रीची वेळ. बादशहानं धाकट्या भावाला बोलावून घेतलं आणि नोकरांना बाहेर काढलं. दोघं पीत बसले. लांबून मेणबत्तीच्या उजेडात नोकरांना नुसत्या सावल्या दिसल्या, धाकटा मध्येच उठून मागे सरकत होता, नको नको म्हणावं तसा. मग कुऱ्हाड आपटल्याचा आवाज आला. बादशहा काहीतरी मोठ्यानं बोलला. सकाळी तो मेलेला होता, आणि गादीवर धाकटा भाऊ बसला. थोरल्याचे दोन मुलगे मोठे झालेले होते, त्यांना कोणी विचारलं नाही. पुढे एकाला हा काका असं काही लागट बोलला की त्यानं गळ्याला सुरी लावून घेतली. दुसरा तरणाताठा, झोपेतच गेला.

"आई, बाबांना हे माहीत असेल?" लेकीनं विचारलं.

मी म्हटलं, "त्यांना माहीत नसेल असं काय आहे, स्वतःच्या भल्याचं सोडून."

त्या संध्याकाळी मी यांच्यावर घसरले. म्हटलं, "असली अपशकुनी गोष्ट त्या आजारी माणसांत कशाला सांगता?" हे म्हणाले, "इतिहासाला शकुन-अपशकुन नसतो. आणि शेवट मी सांगितलाय कुठे?"

वर्षश्राद्धाला आम्ही तिघं सांडोरला गेलो. पंगती उठल्या, पाहुणे पांगले. ओट्यावर हे खुर्चीत, मी दाराशी, लेक पायरीवर. भाऊजी हात धुऊन आले आणि पंच्याला हात पुसत बसले. पुसून झाले तरी पुसतच होते.

"दादा," म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. आईनं जाताना मला शपथ घातली."

हे खुर्चीत सावरून बसले.

"म्हणाली, एकाच्या दुखण्यात दुसऱ्यानं अंग कापून घ्यायचं नाही. तो लहानपणी भाजून घेऊन आला तेव्हाच मला कळलं होतं, तुम्ही दोघंही जाल. एक तरी धड राहू दे. माझ्या गळ्याची शपथ आहे, म्हणाली."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. "आणि वर्षभर मिठाची गुळणी धरून बसलात?"

"वहिनी, दुःख ताजं होतं. कसं बोलणार?"

"कोण होतं तेव्हा तिथे?"

"आम्ही दोघंच."

"म्हणजे साक्षीदार मेलेला. बरं आहे."

जाऊबाई आतून बाहेर आल्या आणि परत आत गेल्या. मी आणखीही बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, त्यातलं बरंचसं मला आजही खरं वाटतं. यांनी हात वर करून मला थांबवलं. भावाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "आईची शपथ आहे ना? मग प्रश्नच मिटला." आणि माझ्याकडे ताक मागितलं. दिवसाचं पाणी केव्हाच संपलेलं होतं. मी तरी दिलं, पेला भरून दिलं.

रिक्षात लेक रडत होती. "आता तरी माझी घ्या," म्हणत होती. हे म्हणाले, "भावानं नाही दिली म्हणून पोरीची कापून घेऊ? मग मी कोण झालो?" तिनं पुढे महिनाभर हट्ट केला, अबोला धरला, एकदा परस्पर जाऊन डॉक्टरांना भेटून आली. उपयोग झाला नाही. पेशंटची सही लागते, आणि पेशंट सही करेना.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्याच दिवशी सेंटरमध्ये मशीन सुरू झाल्यावर, कोणी विचारलं नसताना हे म्हणाले, "मावशी, बादशहाचं राहिलंच होतं." आणि सगळं सांगितलं. बर्फ, सावल्या, कुऱ्हाड. लेकीनं वाचलं होतं तेच. पण त्यात एक गोष्ट होती जी आमच्या वाचनात आली नव्हती.

"धाकटा गादीवर बसला," हे म्हणाले, "लोक कुजबुजायला लागले, की गादी मुलाची, ही भावाकडे कशी? तर सहा-एक वर्षं गेल्यावर सोन्याची एक डबी निघाली. तीत कागद. काय, तर या दोघा भावांची आई मरताना थोरल्याला म्हणाली होती, 'तुला राज्य मिळालं कसं? गादीवर पोर होतं म्हणून. तुझ्यामागे पोराला बसवू नकोस, भावाला बसव.' थोरल्यानं रडत कबूल केलं होतं. प्रधानानं ते लिहून घेतलं आणि डबीत बंद केलं."

"सहा वर्षांनी निघाली?" ड्रायव्हर काका म्हणाले. "इतके दिवस कुठे होती? पहिल्या दिवशीच दाखवायची ना. खोटी असणार डबी."

"बरेच इतिहासकार तेच म्हणतात."

"मग?"

"मग काही नाही. पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी गादी फिरून थोरल्याच्या वंशात आली."

काका हसले. "तोवर कोण थांबतंय, साहेब."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जपमाळ पुन्हा काढली.

घरी आल्यावर यांना निजवलं, हातावरची पट्टी बदलली. मग कालपासून विचारायचं होतं ते विचारलं. "खरं सांगा. आई असं म्हणाल्या असतील?"

हे छताकडे बघत होते. "म्हणाली असेल. तिचा स्वभाव होता तसा."

"मी स्वभाव नाही विचारला. तुम्हाला खरं वाटतं का?"

"हे बघ," म्हणाले, "खोटं मानलं तर माझी किडनीही गेली आणि भाऊही गेला. खरं मानलं तर भाऊ तरी राहतो."

"आणि माझं काय राहतं?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि त्यांनी अशी पाठ फिरवली असं क्वचित व्हायचं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. मला त्यांचा इतका राग आला होता की धाकट्याचा राग त्यापुढे काहीच नव्हता. माणसानं एवढं चांगलं असू नये. बायको-पोरीच्या जिवावर तर मुळीच असू नये.

मग यादीत नाव घातलं. दोन वर्षांपूर्वी घातलं असतं तर नंबर कुठल्या कुठे वर असता, असं तिथली बाई सहज बोलून गेली. तिचा काही दोष नाही. तिला वाटलं, मला माहीत असेल.

भाऊजी यायचे. दर पंधरा दिवसांनी केळी घेऊन यायचे, डायलिसिसवाल्या माणसाला केळं विष, असं सांगून सांगून मी थकले तरी आणायचे. हे त्यांच्याशी वाडीच्या गोष्टी बोलायचे, पाण्याच्या, बागेत शिरलेल्या डुकरांच्या. मी आतल्या खोलीत बसायची. दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, ही माणसं आहेत की कोण आहेत.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. फुगवलेली शीर बंद पडली. मानेत नळी घातली. नळीतून जंतू गेले, थंडी वाजून ताप भरला, आठ दिवस दवाखान्यात होते. नवव्या दिवशी सकाळी गेले. यादीतला नंबर तेव्हा किती होता, ते मी विचारलं नाही. यांची राहिलेली औषधं दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडतील म्हणून आठवड्यानं मी सेंटरमध्ये द्यायला गेले, तर यांच्या खाटेवर एक पस्तिशीचा माणूस होता आणि त्याची बायको माझ्या स्टुलावर. मावशींनी माझा हात धरला. त्या बाईला मी सांगितलं, जाड चादर आणत जा, एसीचा झोत नेमका इथेच येतो.

दिवसकार्यात भाऊजींनी सगळं केलं. मुलगा नाही म्हणून अग्नीही त्यांनीच दिला. लेक म्हणाली होती, मी देते, पण भावकीनं ऐकलं नाही आणि माझ्यात भांडायचं बळ नव्हतं. ती तेव्हापासून काकांशी बोलत नाही. आता पुण्याला असते.

दोन महिन्यांनी भाऊजी आले. एकटेच, पहिल्यांदाच रिकाम्या हातानं. मी दार उघडलं, बसा म्हटलं. ते यांच्या खुर्चीत न बसता पलीकडे वेताच्या मोड्यावर बसले. वाळले होते. डोळ्यांखाली काळं आलेलं. दोन्ही हातांचे पंजे एकमेकांत अडकवून बसले.

"वहिनी, झोप नाही मला."

मी यांच्या खुर्चीवरची उशी सरळ केली.

"दादानं कधी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्या दिवशी ओट्यावर मला वाटलं, आता हा विचारेल. मला भीती वाटत होती हो, ऑपरेशनची. लहानपणापासून वाटते. तो तर 'प्रश्नच मिटला' म्हणून मोकळा झाला." त्यांचा श्वास लागला होता. "वहिनी, आईनं मला शपथ..."

"घातली होती," मी म्हटलं.

ते मान हलवायला लागले. "नाही, ऐका ना. मला बोलू द्या. एकदा बोलू द्या."

मला बोलू द्यायचं नव्हतं. दीड वर्ष मी याच एका वाक्याची वाट पाहिली होती, त्यासाठी मनात किती भांडणं भांडले होते, आणि ते आता माझ्या घरात मोड्यावर येऊन बसलं होतं. पण ते मी ऐकलं असतं तर हे मेले कशासाठी? आणि बोलून टाकून हा माणूस सांडोरला जाऊन गाढ झोपला असता.

"घातली होती, भाऊजी," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलंत. यांनी ती पाळली. तुम्ही आता मोडू नका."

ते रडायला लागले. साठीचा माणूस, तोंड झाकून, हुंदके देऊन. मी पाणी दिलं नाही, चहाही विचारला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"मग मी काय करू?"

"जगा," मी म्हटलं. "एक तरी धड राहावा, हीच आईंची इच्छा होती ना?"

आणि मी उठून दार उघडून धरलं.